दहाव्या ओळीतला पहारा

१

दुपारच्या विश्रांतीची वेळ दोन ते साडेतीन अशी होती. त्या दीड तासात मी दर पंधरा मिनिटांनी मान वर करत असे, भिंतीलगतच्या पहिल्या गादीपासून शेवटच्या गादीपर्यंत नजर फिरवत असे आणि तक्त्यावर एकेका मुलापुढे एकेक अक्षर लिहीत असे. झोपलेल्याला ‘झो’, जागेपणी आडवे असलेल्याला ‘आ’, बसलेल्याला ‘ब’, उभ्याला ‘उ’. दिवसाला सात नोंदी. सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला सुतारकाका बसून तसाच दुसरा तक्ता भरत असत. एकाच माणसाच्या डोळ्यांवर अभ्यास उभा राहत नाही, म्हणून ही सोय. सकाळी ते मुलांना लाकूडकाम शिकवत आणि दुपारी रिकामे असत. त्यांना मी एकच नियम सांगितला होता, जो मला माझ्या मार्गदर्शक सरांनी सांगितला होता: दिसेल ते लिहायचे, विचार करायचा नाही, आणि एकमेकांचे तक्ते पाहायचे नाहीत.

तक्त्यावर नावे नव्हती. विद्यापीठाच्या समितीची तशी अट होती. तक्ता छापील होता, त्याला दहा ओळी होत्या. मुले नऊ. दहावी ओळ कोरी राहणार होती.

इमारत पूर्वी टपालाची होती. ज्या लांबट सभागृहात पत्रे वेगळी केली जात, तिथे आता मुले झोपत. भिंतीवरच्या लाकडी खणांत कंगवे, घडी केलेले सदरे, एक फुटका चेंडू. पलीकडच्या भिंतीत एक उंच खिडकी होती, तिच्यातून अंगण आणि फाटक दिसे. नऊही मुलांनी युद्धात बंदूक वाहिली होती, सगळ्यात कमी काळ वाहिली त्यानेही दीड वर्ष. अशा मुलांना झोप लागत नाही, असे मी वाचून आले होते. इथे मात्र आठ मुले गादीला पाठ टेकली की घोरू लागत. माझ्या प्रबंधाच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होती, आणि मला तिचा आनंद झाला होता, हे मी प्रांजळपणे नोंदवते.

नववी झोपत नसे. ती तेरा वर्षांची मुलगी. मुले तिला मुकादम म्हणत आणि तिच्या नजरेच्या इशाऱ्यावर नळापाशी रांग लावत. दुपारभर ती खणांना पाठ लावून बसून राही, गुडघे छातीशी, डोळे उघडे. माझ्या तक्त्यावर नववी ओळ म्हणजे ‘ब’, ‘ब’, ‘ब’.

तिची थोरली बहीण तीन वर्षांनी सापडली होती आणि तिला घरी न्यायला निघाली होती. पण त्याआधी घरी पाठवलेल्या एका मुलाने पंधरा दिवस झोप न झाल्यावर, दचकून, आपल्या काकाच्या हातावर सुरी चालवली होती. तेव्हापासून नियम कडक झाला होता. शनिवारी मुलांना घरी सोडायचे ठरवणारी समिती बसणार होती. त्याआधी किमान दोन दुपारी मुकादम आडवी होऊन झोपली, असे माझ्या तक्त्यावर दिसले तर ती बहिणीकडे जाईल, नाही तर दूरच्या एका बंद संस्थेत. तिथून परतलेले मूल अजून कोणी पाहिलेले नव्हते.

२

सोमवारी सकाळी सरांचा फोन आला. पहिल्या आठवड्याचे आकडे मी त्यांना पाठवले होते.

“तुझं आणि तुझ्या त्या सुतारांचं एकमत तपासलं,” ते म्हणाले. “मुलागणिक पंच्याऐंशी, नव्वद टक्के. चांगलं आहे. कुणाला ‘झो’ म्हणायचं नि कुणाला ‘आ’, यात एवढा फरक पडतोच.”

“हो सर.”

“पण दहाव्या मुलाचं शंभर टक्के कसं? सहा दिवस, बेचाळीस नोंदी, दोघांच्याही बेचाळीस ‘उ’. अगं, माणसांच्या अभ्यासात शंभर टक्के कधी येत नसतात. आले की समजायचं, कुणीतरी घरी बसून कागद भरलेत.”

मी टिपणवही जवळ ओढली.

“आणि दुसरं,” सर म्हणाले, “तुझ्या प्रस्तावात मुलं नऊ होती.”

फोन ठेवून मी तक्ते काढले. दहाव्या ओळीत, माझ्याच अक्षरात, माझ्याच निळ्या शाईत, ‘उ’ होते. घाईने गिरवलेले नव्हते. इतर अक्षरांइतकेच स्वच्छ, चौकटीच्या मध्यभागी. शेरा लिहिण्याच्या जागी मी पहिल्याच दिवशी लिहून ठेवले होते: ‘खिडकीपाशी.’

इतर नऊ ओळींतले प्रत्येक अक्षर लिहितानाचा क्षण मी आठवू शकत होते. कोणी कूस बदलली, कोणी खोकला. दहाव्या ओळीचे काहीच आठवेना. थकवा, हे पहिले स्पष्टीकरण. छापील ओळ दिसली की हात ती भरतो, हे दुसरे. पण मग सुतारकाकांचा हात तीच ओळ त्याच अक्षराने का भरेल, याला तिसरे स्पष्टीकरण हवे होते, आणि ते माझ्याजवळ नव्हते.

३

“मी चुकलो का?” सुतारकाकांनी कानामागची पेन्सिल काढून विचारले. “तुम्हीच म्हणालात, डोकं चालवू नका. चालवलं नाही. तसंही घरात मंडळी म्हणतात, असतं तर चाललं असतं.”

“काका, दहाव्या ओळीत तुम्ही कोणाला पाहिलंत?”

ते हसायचे थांबले. तक्ता त्यांनी डोळ्यांजवळ धरला. “कोणीतरी उभं होतं,” ते म्हणाले. मग स्वतःच्याच बोलण्याने चपापले. “म्हणजे, असणार. त्याशिवाय मी कशाला लिहीन?”

त्या दुपारी आम्ही तक्ते बाजूला ठेवून केवळ खिडकीकडे पाहत बसलो. तिथे कोणी नव्हते. अंगणात ऊन रखरखत होते, दोरीवर सदरे वाळत होते. सभागृहात आठ मुलांचा श्वास एका लयीत चालला होता. मुकादम खणांना टेकून बसली होती, आणि तीही आमच्यासारखीच खिडकीकडे पाहत होती.

पावणेतीनच्या सुमारास काकांनी माझ्या बाहीला हलकेच ओढले. खिडकीच्या तावदानावर, खालच्या बाजूला, वाफ धरली होती. तळहाताएवढा पांढुरका ठसा. तो विरला. थोड्या वेळाने त्याच जागी पुन्हा उमटला. हिवाळ्यात काचेला नाक लावून उभे राहिले की उमटतो, तसा. आम्ही दोघे घामाने भिजलो होतो.

साडेतीनला मुले बाहेर गेल्यावर काकांनी खिशातून टेप काढला. माप त्यांनी दोनदा घेतले. एकदा मापून काहीही कापायचे नाही, ही त्यांची सवय.

“जमिनीपासून ठशापर्यंत एक मीटर पंधरा,” ते म्हणाले. “तोंड इथं, तर टाळू एकतीस-बत्तीसला.” त्यांनी टेप सोडला, तो सर्रकन आत गेला. “आपल्याकडं एवढं बुटकं कोणी नाही, ताई.”

मी उंचीची नोंदवही पाहिली. सगळ्यात लहान मुलगा एक मीटर एक्केचाळीस होता.

४

मंगळवारी आम्ही खबरदारी घेतली. मी पट्टी ठेवून दहाव्या ओळीवर लाल रेघ मारली. काकांनी आपला कागद तिथून दुमडून घेतला, म्हणजे ती ओळ मागच्या बाजूला गेली.

दीड तास मी प्रत्येक अक्षर लिहिताना ते ओठांत पुटपुटत होते. साडेतीनला कागद समोर ठेवला. लाल रेघेवर, एकेका चौकटीत एकेक, सात ‘उ’ होते.

काकांनी आपला कागद उलटा केला. दुमडलेल्या पट्टीवरही सात. “अक्षर माझंच आहे,” ते बारीक आवाजात म्हणाले. “पेन्सिलीला टोकही मीच काढलं होतं.”

मला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली, जी आठवडाभर डोळ्यांसमोर असून मी पाहिली नव्हती. मुलांच्या गाद्या सलग लागलेल्या नव्हत्या. चौथ्या आणि पाचव्या गादीच्या मध्ये एका गादीपुरती जागा मोकळी होती. गाद्या मुलेच घालत. कोणी ती जागा ओलांडून जात नसे, वळसा घालून जात असे. आणि चेंडू खिडकीकडे गेला की खेळ थांबे आणि चेंडू आपोआप परत येईपर्यंत मुले शहाण्यासारखी वाट पाहत. जमीन तिकडून इकडे उतरती असावी, असे मी टिपणवहीत लिहिले होते.

मी काकांना पाणसळ लावून पाहायला सांगितले. जमीन सपाट होती.

त्या संध्याकाळी मी अधीक्षकबाईंकडे गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“मी इथे चार वर्षं आहे,” त्या म्हणाल्या. “आधीची मुलं रात्र रात्र ओरडायची. ही पहिलीच तुकडी, जी आल्या दिवसापासून झोपते. मी देवाचे आभार मानले आणि पुढे काही विचारलं नाही. तूही विचारू नयेस, असं मला वाटतं. पण तू विचारणार, हे तुझ्या तोंडावर दिसतंय.”

५

बुधवारी सकाळी मुकादम सुतारशाळेत एका स्टुलाचा पाय घासत होती. मी शेजारी बसले आणि एक काचकागद उचलून दुसरा पाय घासू लागले.

“उलटं घासताय, वहीताई,” ती म्हणाली. “रेषा जाते तसं घासा. लाकडाला राग येतो.”

मी तसे घासू लागले.

“तुम्ही त्याला लिहिता ना?”

“कुणाला?”

तिने भुसा फुंकला. “रोज सात ‘उ’ कुणाचे मग? मला वाचता येतं. सगळ्यांना वाटतं येत नाही, म्हणून कागद उघडे टाकतात.”

खोटे बोलणे शक्य नव्हते. मी म्हटले, “हो. लिहिते. पण दिसत नाही मला तो.”

“दिसायला नकोच. पहारेकरी दिसला तर काय उपयोग?” ती थोडा वेळ घासत राहिली. “बटण म्हणायचो आम्ही त्याला. शर्टाला एकच बटण राहिलं होतं, ते सारखं चाचपायचा. पुढचा दात नुकता येत होता. अर्धाच आलेला.”

“तो तुमच्या तुकडीत होता?”

“मीच उभं केलं त्याला. म्हटलं, मी बदलायला येईपर्यंत हलायचं नाही. कोणी काही सांगितलं तरी नाही. मग आम्हाला उठवलं आणि चालवलं. मी मागं गेले नाही.”

“तू किती वर्षांची होतीस?”

“मला वय नव्हतं तेव्हा. मी मुकादम होते.”

तिच्या हाताखाली लाकूड गुळगुळीत झाले होते, तरी ती घासतच होती. मी विचारले, “आणि मग त्याचं काय झालं?”

“ते मला कुठं माहीत? एवढंच माहीत आहे की तो हलला नसणार.”

“युद्ध संपलं, हे त्याला सांगितलंस?”

“रोज सांगते. ऐकत नाही. पाळी बदलल्याशिवाय कुणाचं ऐकायचं नाही, हेही मीच शिकवलं.”

“मग बदल पाळी.”

तिने काचकागद खाली ठेवला. पहिल्यांदाच तिने माझ्याकडे सरळ पाहिले, आणि ते पाहणे तेरा वर्षांच्या मुलीचे होते.

“पाळी बदलायची म्हणजे त्याच्या जागी उभं राहायचं. मी एकदा तिथं उभी राहिले, तर मला कोण बदलणार? हे आठजण? त्यांना आत्ता कुठं झोप लागायला लागलीय.” तिने नाक बाहीला पुसले. “आणि मी अक्काकडं गेले तर तो माझ्यामागं येईल. अक्काच्या खोलीला एकच खिडकी आहे म्हणे. ती मशीन घेऊन तिथंच बसते. तिच्या पाठीशी तो उभा राहील. कायमचा. म्हणून मी झोपत नाही. झोपले की मला घरी पाठवतील.”

मी मूर्खासारखे विचारले, “मोठी माणसं कधी बदलायला यायची नाहीत?”

“मोठी?” ती हसली. तिचे हसणे मी प्रथमच ऐकले. “मोठी झोपायची, वहीताई. म्हणून तर आम्ही उभे.”

६

दुपारी तिची बहीण आली. वय फार तर तेवीस. दंडावर कापडाचे धागे चिकटलेले, बोटाला सुईचे घट्टे.

“माझ्याकडे एक खोली आहे, एक खिडकी आणि एक शिलाई मशीन,” तिने खुर्चीवर बसण्याआधीच सांगितले. “शाळा गल्लीच्या टोकाला. शेजारीण भांडकुदळ आहे, पण मनानं बरी. आणखी काय लिहायचंय तुमच्या कागदावर?”

“ती झोपत नाही, हा प्रश्न आहे,” मी म्हटले.

“लहानपणी हिला उठवायला पाणी शिंपडावं लागायचं! आई म्हणायची, ढोल वाजवा, ही उठणार नाही.” तिचा आवाज चिरकला. “मॅडम, तुमचा कागद काय म्हणतो ते मला नका सांगू. ती काय म्हणते ते सांगा. तिला यायचं नाही का माझ्याकडे?”

“यायचंय,” मी म्हटले. “तुम्हाला त्रास होईल म्हणून येत नाही.”

“त्रास?” बहीण म्हणाली. “मग मी बहीण कशाला आहे?”

ती गेल्यावर मी बराच वेळ रिकाम्या तक्त्यापुढे बसून राहिले. निरीक्षकाने निरीक्षणात ढवळाढवळ करायची नसते. हे पहिल्या वर्षी शिकवतात, आणि मी ते फार मनापासून शिकले होते. पण मुकादमचे वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हते. मोठी झोपायची. म्हणून आम्ही उभे. त्या खिडकीपाशी इतके दिवस एक मूल उभे होते, आणि मी, वयाने मोठी, खुर्चीवर बसून ते उभे आहे, एवढेच दिवसातून सात वेळा लिहीत होते.

७

गुरुवारी दोन वाजता मी तक्ता सुतारकाकांच्या हाती दिला आणि मुकादमपाशी जाऊन खाली बसले.

“पाळी कशी बदलतात, ते सांग.”

तिने गुडघ्यांची मिठी सोडली. “त्याच्या डाव्या हाताला उभं राहायचं. हात लावायचा नाही. म्हणायचं, मी आहे. मग बाहेर बघायचं. तो गेला का, हे वळून बघायचं नाही. वळलं की पाळी धरत नाहीत.”

“आणि हुकूम?”

“हुकूम मी देईन. आधीचाही मीच दिला होता.”

दोन वाजून वीस मिनिटांनी मी खिडकीकडे चालू लागले. अंतर फार तर पंधरा पावलांचे. नवव्या की दहाव्या पावलाला हवा गार लागली, ओल्या मातीच्या वासाची. आपण एका सुशिक्षित बाईच्या भ्रमाचे टिपण लिहितो आहोत, असे मी स्वतःला समजावले, आणि उजवीकडे एका देहापुरती जागा सोडून उभी राहिले.

“मी आहे,” मी म्हटले.

अंगण होते. फाटक होते. दोरीवर नऊ सदरे. हे सगळे मी दोन आठवडे पाहत होते. आता त्यातले एकही ओळखीचे नव्हते. वाऱ्याने सदऱ्याची बाही हलली आणि माझ्या तळव्यांना घाम फुटला. फाटकाबाहेरून सायकल गेली, ती गेल्यावरही तिचा आवाज माझ्या कानांत थांबून राहिला. हललेली प्रत्येक गोष्ट माझ्याकडेच येत होती. पाठीमागे झोपलेले सगळे माझ्या एका पापणीवर झोपले होते. मी तिथे पाच मिनिटे उभी असेन. मला वाटले, कुणी येईल का? कुणी येणार आहे का? हे मी स्वतःहून विचारत होते की उजवीकडून माझ्यात शिरत होते, ते मला सांगता येणार नाही.

तावदानावर, माझ्या छातीच्या उंचीला, वाफ उमटली. विरली नाही तोच पुन्हा उमटली. श्वास भरभर चालला होता.

मागून मुकादमचा आवाज आला. मोठा नव्हता. नळापाशी रांग लावताना असे, तसा कोरडाही नव्हता.

“बटण. मी आले. उशीर झाला मला. पाळी संपली. आता मोठी माणसं उभी आहेत. तू ये.”

काही झाले नाही.

“ये रे,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. “ये ना. मी चुकले. ये.”

काचेवरची वाफ आक्रसत गेली आणि नाहीशी झाली. माझ्या उजव्या पायाजवळ कुणीतरी काहीतरी जड, लोखंडी, फार जपून जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. मग अनवाणी टाचा. लहान. त्या आधी हळू गेल्या, मग धावत गेल्या.

मी वळले नाही. पण काचेत ऊन बदलले होते आणि सभागृहाचे प्रतिबिंब तिच्यावर आले होते, गाद्यांची रांग, फिकट, अंगणातल्या सदऱ्यांवर तरंगणारी. मी सवयीने मोजले. डावीकडून चौथ्या आणि पाचव्या मुलाच्या मध्ये, जिथे जागा मोकळी असायची, तिथे एक पाठ होती. अंग मुडपून घेतलेली, हडकुळी. शेजारच्या मुलाने, तो झोपेतच असावा, आपली चादर तिच्यावर ओढली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ऊन सरकले होते आणि काचेत केवळ अंगण राहिले होते.

मी तशीच उभी राहिले. पाय भरून आले. किती वेळ गेला कळले नाही, आणि कुणी येणार की नाही, तेही.

“सरका ताई,” डाव्या हाताला सुतारकाका म्हणाले. “मी आहे. चहा ठेवलाय तुमचा, गार करू नका.”

इतके साधे वाक्य ऐकून मला रडू आले.

मागे वळले तेव्हा तीन वाजले होते. काकांनी सोपवलेला तक्ता अधीक्षकबाईंच्या मांडीवर होता आणि त्या मन लावून अक्षरे भरत होत्या. नवव्या गादीवर मुकादम पडली होती. पाठ गादीला, हात दोन्हीकडे टाकलेले, तोंड उघडे, आणि ती चक्क घोरत होती. चौथ्या आणि पाचव्या गादीच्या मध्ये एक चादर चुरगळून पडली होती. ती उबदार आहे का, हे मी हात लावून पाहिले नाही. माझ्या अभ्यासाचा तो भाग नव्हता.

त्या दिवशीच्या दहाव्या ओळीत दोन ‘उ’ होते, मग एक ‘आ’. पुढचे चारही ‘झो’.

शुक्रवारी अधीक्षकबाई पहिल्या पाळीला उभ्या राहिल्या, नर्सताई दुसऱ्या, तिसऱ्या पाळीला आचारीकाका, एप्रनसकट. मुकादम दोनला दहा कमी असतानाच झोपली.

८

समितीने मला विचारले, की दहाव्या ओळीतील नोंदींचा अर्थ काय. मी उत्तर दिले, की या नोंदी दोन्ही निरीक्षकांनी स्वतंत्रपणे केल्या असून त्यांचे स्पष्टीकरण प्रस्तुत अभ्यासाकडे नाही. माझी शिफारस मात्र मी स्पष्ट शब्दांत लिहिली होती: अशा मुलांच्या विश्रांतीच्या वेळी एका प्रौढ व्यक्तीने मुलांना दिसेल असे जागे राहावे, आणि तिची पाळी वेळेवर बदलली जावी. अध्यक्षांनी विचारले, किती दिवस? मी म्हटले, मुले सांगतील तोवर. त्यांनी ते लिहून घेतले आणि मुकादमच्या कागदावर सही केली.

बटणाचे पुढे काय झाले, तो कोणाबरोबर गेला की कुठेच गेला नाही, हे मला ठाऊक नाही. मुकादमने शनिवारी निघताना सभागृहाला एक फेरी मारली, झोपलेल्यांच्या पायांशी थांबत थांबत, आणि बाहेर येऊन बहिणीला म्हणाली, “चल.” अंगणात थांबलेल्या बसमध्ये ती खिडकीपाशी बसली नाही. बहिणीला तिकडे सरकवून आतल्या बाजूला बसली आणि फाटक ओलांडायच्या आत तिने बहिणीच्या खांद्यावर मान टाकली.

महिन्याभराने, पाठपुराव्याच्या नियमाप्रमाणे, मी सकाळी आठ वाजता बहिणीला फोन केला.

“झोप कशी आहे तिची?” मी विचारले. प्रश्नावली पुढ्यात होती.

“झोप?” बहीण जवळजवळ ओरडलीच. “मॅडम, तुम्ही माझी काय फसवणूक केलीत! साडेसातची शाळा आहे हिची, आणि ही बघा अजून लोळतेय. कालही उशीर, परवाही उशीर. शिक्षिका मला बोलवून बोलतात. अगं ए बये, ऊठ! तुझ्या वहीताईचा फोन आहे!”

मागे भांडे आपटल्याचा आवाज झाला. मग पांघरुणाखालून आल्यासारखा, चिडलेला, जड, झोपाळू आवाज.

“त्यांना म्हणावं नंतर करा.”

मी पेन खाली ठेवले आणि फोन कानाशी धरून राहिले. पलीकडे बहीण तिला शिव्या घालत होती, गादीवरून ओढत होती, आणि ती, कोणाच्याही हुकमाला न जुमानता, पुन्हा झोपी जात होती.